एकटं असताना येणारा आवाज

गाडीखालून बाहेर आलेल्या दोन बुटांना त्याने विचारलं, "मिस्त्री कुठे भेटतील?"

"बुटांच्या वर," खालून उत्तर आलं.

ती सरपटत बाहेर आली. गालावर ग्रीसचा पट्टा, केस रुमालात घट्ट बांधलेले. समोरचा उंच माणूस असा काही गोरामोरा झाला, की तिलाच हसू आवरेना.

तो गुरांचा डॉक्टर होता, गावात नुकताच आलेला. खड्ड्याखड्ड्यांतून गोठे पालथे घालून त्याची गाडी पार खिळखिळी झाली होती. तिने ती ठेवून घेतली, दणके झेलणारे पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, रबरी बुश बदलले, चाकांजवळचे लिंक रॉड नवे टाकले. मामाची कंबर धरल्यापासून गॅरेज तिच्याच भरवशावर होतं, आणि मामाला हात लावू न देता केलेलं हे तिचं पहिलं मोठं काम. गाडी परत देताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आठवडाभरात डॉक्टर पुन्हा दारात.

"पुढून आवाज येतोय... डाव्या चाकापाशी. खट, खट-खट. खड्ड्यात गेली की हमखास."

तिचा चेहरा उतरला. "चला, बघू."

ती शेजारी बसली. त्याने रस्त्यातला एकही खड्डा सोडला नाही. गाडी मात्र गुणी बाळासारखी गप्प.

"आत्ता येत नाहीये," तो ओशाळला.

"ऐकतेय मी."

परतताना तो एका गायीबद्दल सांगू लागला. ती सुई टोचू देईना, मग त्याला गाणं म्हणावं लागलं.

"आणि ती उभी राहिली?"

"ती राहिली. मालक पळाला."

ती इतकी हसली, की आवाजाचं विसरूनच गेली.

तो पुन्हा आला. मग आणखी एकदा. दर वेळी ती खाली शिरून एकेका नटाला पाना लावून बघे, सगळे घट्ट. दर वेळी ती शेजारी बसे, आणि गाडी हूं की चूं करत नसे. गॅरेजला लागूनच असलेल्या घरातून, खाटेवर पडल्या पडल्या मामा म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे गं. बिघाड डॉक्टरात आहे."

ती लाजली. खरं तर तिला ते आवडलंही... दुपार कलली की तिचे कान रस्त्याकडे लागायचे. पण मनात एक काटाही सलायचा. भेटायचं म्हणून हा माणूस माझ्या कामात खोट काढतो? पुढच्या खेपेला तिला राहवलं नाही.

"डॉक्टर, यायचंच असेल तर सरळ या ना. माझ्या कामाला नावं कशाला ठेवता?"

तो जागच्या जागी थांबला. "मी खोटं बोलतोय, असं वाटतं तुम्हाला?"

ती हातातला पाना पुसू लागली. त्याने किल्ली टेबलावर ठेवली. "मी चालत जातो. एकदा एकट्या चालवून बघा."

आणि गेला. वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर तिच्या हाताला काम लागेना. शेवटी किल्ली उचलून ती एकटीच निघाली. पहिलाच खड्डा... खट. दुसरा... खट-खट. डाव्या चाकापाशीच. तिने गाडी तिथूनच वळवली.

परत येऊन तिने मामाला हाताला धरून शेजारी बसवलं. आवाज बंद. त्याला उतरवलं, आवाज सुरू.

"मी बसलो की गप्प होते," मामा म्हणाला. "तुझ्या मामीला दाखव जरा."

पण आता तिला उमगलं होतं. शेजारी वजन पडलं की डावी बाजू दबायची आणि ढिलेपणा ताणला जायचा. ती खाली शिरली, लिंक रॉडवर तळहात ठेवला आणि मामाला गाडी वरून हलवायला सांगितली. टक. अगदी हातातच टोचलं. नट आवळताना आतला बोल्टही त्याच्याबरोबर जडपणे फिरत होता, आणि त्या जोरालाच ती घट्टपणा समजली होती. या खेपेला तिने बोल्ट दुसऱ्या पान्याने धरून ठेवला आणि नट आवळला. मग एकटीने चालवून पाहिलं. गाडी निमूट होती. ती तशीच दवाखान्याकडे निघाली.

तो एका मांजरीच्या पायाला पट्टी बांधत होता. मांजर ऐकत नव्हती.

"धरता का जरा?" त्याने मान वर न करताच विचारलं.

तिने मांजर छातीशी धरली. एवढं जवळ उभं राहून बोलणं अवघड होतं, पण ती बोलली.

"आवाज खरा होता. नट माझ्याच हातून ढिला राहिला. आणि तुम्हाला मी नको ते बोलले... चुकलं माझं."

"नटाचं चुकलं," तो पट्टी गुंडाळत म्हणाला. "बाकीचं... अगदीच काही चुकलं नव्हतं."

"म्हणजे?"

"चौकात आणखी एक गॅरेज आहे. मोठं आहे, जवळही आहे." त्याचे कान लाल झाले होते. "तिकडे जायला हवं होतं मी. पाय वळलाच नाही. आवाजाची काळजी होती... पण तुम्ही शेजारी येऊन बसलात की वाटायचं, नाही सापडला आज, तरी चालेल."

त्याने पट्टीची गाठ मारली, आणि मांजर घ्यायला पुढे केलेले हात तिच्या हातांवरच राहिले. दोघांनीही ते काढले नाहीत. मांजर मध्ये दबून कुरकुरली.

"उद्या गॅरेज बंद असतं," ती हळूच म्हणाली.

"हो... पाटी वाचलीय मी."

"तरी ये."

त्याने चमकून वर पाहिलं. 'या' नव्हे, 'ये' म्हणाली होती ती.

"येतो," तो म्हणाला. मग थोडा अडखळला, एक श्वास घेतला आणि विचारलं, "तू... घरीच असशील ना?"