टिचकीने वाजवलेलं यंत्र

"उचला रे पोती! आज दुकानदारकाकांची एकही सबब चालणार नाही!" टिचकीने हुकूम सोडला.

दिसेल त्या वस्तूवर बोटाने टकटक करायची खोड, म्हणून तिचं नाव टिचकी. परवा मैदानावर तिच्या धाकट्या भावाच्या पायात बाटलीची काच घुसली आणि रखवालदारांनी बजावलं, "शनिवार संध्याकाळपर्यंत मैदान साफ झालं नाही, तर सुट्टीभर फाटकाला कुलूप!"

आज शनिवार. वेचलेल्या बाटल्यांनी तीन पोती भरली होती. प्रत्येक बाटलीवर छापलेलं होतं, 'रिकामी बाटली दुकानात द्या, अनामत परत घ्या.' जो विकेल त्याने ती परत घ्यायची, असा नियमच होता. त्यासाठी दुकानाच्या दाराशी कपाटाएवढं लोखंडी यंत्रही होतं. पण सुट्टी लागल्यापासून त्यावर एकच पाटी: 'यंत्र भरले आहे.' मग परत फिरलेले लोक वाटेत मैदानावरच बाटल्या भिरकावत.

"पाटी प्लास्टिकमध्ये मढवलीय!" तिचा दोस्त बडबड्या म्हणाला. "मुक्काम लांबणार दिसतोय!"

टिचकीने यंत्रावर बोटं वाजवली. ठण्ण! वर, खाली, मागे, सगळीकडे ठण्ण!

तिची आई घरोघर गॅसचे सिलिंडर पोचवायची. भरलेला बद्द वाजतो, रिकामा ठणठणतो, हे टिचकीला पाळण्यात असल्यापासून ठाऊक!

"अरे, हे तर रिकामंय!"

"मग करू या आरडाओरडा?"

"छे! पोरांना काय कळतं, म्हणून हाकलतील. चार वाजता बाटल्या न्यायला ट्रक येतो ना? थांब जरा!"

ट्रक आला. दुकानदारकाका लगबगीने बाहेर आले. "आजही काही नाही हो! लोक बाटल्या आणतच नाहीत."

पोत्यांमागून टिचकी उभी राहिली. "काका, यंत्र भरलंय ना? मग द्या की ड्रायव्हरकाकांना!"

"अं... तसं भरलेलं नाही..."

"नाही? मग आमची पोती घ्या!"

इकडे आड, तिकडे विहीर! ड्रायव्हरकाकांनी पाटी वाचली आणि ते कडाडले, "महिनाभर मी रिकामी गाडी हाकतोय, आणि तुम्ही लोकांना भरलंय म्हणून सांगताय?"

"रोज ते उपसायचं, पुसायचं... हात नुसते चिकट होतात. कंटाळा हो!"

पोत्याला टेकून बसलेल्या टिचकीच्या धाकट्या भावाने पट्टी बांधलेला पाय पुढे केला. दुकानदारकाकांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी फाडली आणि पहिलं पोतं उचललं.

संध्याकाळी मैदानाचं फाटक सताड उघडं होतं. "शाबास रे पोरांनो!" रखवालदार म्हणाले. "आम्ही नुसतं कुलूप शोधत बसलो, तुम्ही दुखण्याचं मूळ शोधलंत!"

तेवढ्यात सिलिंडरची गाडी थांबली. आईला सगळी हकिगत कळली होती. तिने जवळ येऊन टिचकीच्या डोक्यावर हलकेच बोटं वाजवली.

"आई! काय करतेस?"

"खात्री करून घेतेय," आई अभिमानाने हसली. "काठोकाठ भरलंय!"