चार रविवारचा काळा प्लग

चकाल्याच्या सिग्नलला गंधालीची मोटरसायकल तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मागच्या रिक्षावाल्याने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गंधालीनेही त्याला दोन शब्द ऐकवले, पण गाडी काही ऐकेना. सव्वीस वर्षांची गाडी, अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची. अण्णांचे गुडघे गेले आणि घरच्यांचा विरोध पत्करून हिने ती चालवायला घेतली. रविवारची सकाळ, ऑक्टोबरचं ऊन. तिने गाडी ढकलत बाजूच्या गल्लीत नेली आणि दात-ओठ खाऊन किक मारली. गाडी खोकत सुरू झाली.

"पेट्रोल जास्त जातंय," समोरच्या गॅरेजमधून कुणीतरी म्हणालं.

बोलणारा पाठमोरा बसला होता, दुसऱ्याच गाडीची चेन चढवत.

"न बघताच?"

"ऐकून." मग तो वळला, आणि एक क्षण नुसता बघत राहिला. "बघितलं असतं तर... काय ऐकायचं तेच विसरलो असतो."

आगाऊ! गंधालीच्या मनात आलं. आणि तरीही तिने गाडी गॅरेजसमोरच स्टँडला लावली, ती काय उगाच?

त्याचं नाव हर्षद परब. त्याने स्पार्क प्लग काढून तिच्यापुढे धरला. टोक काजळीने काळंकुट्ट झालं होतं.

"कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळतं. हवा जास्त झाली तर प्लग पांढरा पडतो, पेट्रोल जास्त झालं तर असा काळा. आणि जमलं की भाजलेल्या बिस्किटासारखा. कुठून आलात?"

"पार्ल्याहून."

"मग बिस्किटाचा रंग तुम्हाला मी काय सांगायचा!"

पेट्रोल अडवणाऱ्या छोट्या सुईत कचरा अडकला होता. तासाभरात त्याने सगळं साफ करून दिलं. तेवढ्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"चोक फक्त गाडी थंड असताना ओढायचा," ती निघताना तो म्हणाला. "ओढलेला राहिला तर इंजिनाला हवा कमी पडते आणि प्लग पुन्हा काळा. पुढच्या रविवारी रंग दाखवून जा."

पुढच्या रविवारी प्लग अगदी बिस्किटासारखा निघाला. हर्षद खूश झाला. "झकास! आता वर्षभर यायला नको."

वर्षभर! एवढा हुशार माणूस, न बघता गाडीचा आजार ओळखणारा, आणि समोरच्या मुलीचा पडलेला चेहरा याला दिसू नये? गंधाली घरी आली ती चिडूनच. आठवडाभर दवाखान्यात लोकांचे खांदे फिरवताना तिला तो गाडीच्या टाकीवर हात ठेवून, डोळे मिटून इंजिन ऐकणारा चेहरा आठवत राहिला. फिजिओथेरपिस्ट बाई स्वतःच दुखणाईत झाल्या होत्या.

तिसऱ्या रविवारी ती पार्ल्याहून निघाली ती चोक अर्धा ओढूनच. गाडी वाटभर धापा टाकत, धूर सोडत आली. गॅरेजच्या गल्लीत वळण्याआधी तिने चोक गुपचूप आत ढकलला. एकदाच, तिने स्वतःला बजावलं.

हर्षदने प्लग काढला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "काळा? इथे तर मस्त चालतेय..."

"मग? बघ ना," ती म्हणाली, आणि समोरच्या बाकड्यावर मजेत बसली.

दुपार होईपर्यंत ती हलली नाही. चहा झाला, वडापाव झाला. त्याच्या हाताला ग्रीस होतं म्हणून वडापावचा घास तिने भरवला... मग 'एकदाच' कुठलं राहतंय? चौथ्या रविवारी त्याने एअर फिल्टर बदलला, पाचव्या रविवारी कार्ब्युरेटरमधला जेट. ती यायची, तो खोलायचा, बोलणं मात्र संपायचं नाही.

"काय गो, परत इलंस?" गॅरेजचे मालक लवूकाका आतून हसायचे. सत्तरी ओलांडलेले लवूकाका दिवाळीनंतर देवगडला कायमचे जाणार होते, आणि गॅरेज हर्षदच्या हाती देणार होते. "ह्या झिलाच्या कानात माप आसा," ते हर्षदकडे बोट दाखवून येईल त्याला सांगायचे. हर्षद आठ वर्षं त्याच दिवसाची वाट बघत होता. पाटीवर कोणतं नाव लिहायचं, यावर त्याचं आणि गंधालीचं लाडिक भांडणही झालं होतं.

"चोक ओढलेला राहत नाही ना गं?" पाचव्या रविवारी त्याने विचारलं.

"मी काय बावळट आहे?"

"तसं नाही. सगळं तपासून झालं, म्हणून विचारलं."

"नाही राहत," गंधाली त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. घरी व्यायाम न करता 'केला' म्हणणारे पेशंट ती दोन मिनिटांत पकडायची. तिला मात्र कुणी पकडलं नाही, कारण हर्षदचा तिच्यावर विश्वास होता.

सहाव्या रविवारी पुन्हा काळा प्लग. हर्षद इंजिन चालू ठेवून बराच वेळ कान देऊन उभा राहिला. "एकच गाडी," तो हळूच म्हणाला, "आणि ती मला कळत नाही. पूर्वी असं व्हायचं नाही गं."

सांगून टाकावं, आत्ताच... पण तो एवढा वेळ तिच्याच गाडीपाशी होता, एवढा तिचा होता. तिने एक आठवडा मागून घेतला, स्वतःकडूनच. पुढच्या वेळी सगळं सांगायचं, आधी चोकचं, मग मनातलं.

सातव्या रविवारी चोक आत होता. तिने केसांत अबोली माळली होती, आणि वाक्यं पाठ केली होती. गॅरेजमध्ये हर्षद पाने-स्क्रूड्रायव्हर खोक्यात भरत होता. भिंती रिकाम्या होत्या.

"हे काय?"

"लवूकाकांना नाही म्हटलं," तो म्हणाला. "काल त्यांनी जागा एका केकवाल्याला देऊन टाकली. त्याला शब्द दिलाय, आता मागे घेता येणार नाही. मी उद्यापासून चाकणला, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. तिथे गाडीला कॉम्प्युटर लावतात, तोच सांगतो काय बिघडलंय. कान लागत नाही."

"पण का? आठ वर्षं तू..."

"चार रविवार एक गाडी सुधारता आली नाही, गंधाली. लोक माझ्या भरवशावर गाड्या टाकणार. माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही, तर कुठल्या तोंडाने घेऊ गॅरेज?"

पाठ केलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. तिने चोकची दांडी ओढून दाखवली. पार्ल्यापासून अशी, म्हणाली, आणि वळणावर आत. चारही वेळा. तुला भेटायला मिळावं म्हणून.

हर्षद आधी हसला. खरंच हसला, ओझं उतरल्यासारखा. "म्हणजे माझा कान बरोबर होता!" मग त्याची नजर रिकाम्या भिंतींवरून फिरली आणि हसू हळूहळू गेलं.

"काल सांगितलं असतंस तर..." तो म्हणाला.

"मला माहीत नव्हतं रे. मला वाटलं..."

"नुसती आली असतीस तरी चाललं असतं. मी शनिवारपासून तुझी वाट बघायचो."

गंधालीला रडू फुटलं. त्याने डोळे पुसायला हात पुढे केला, पण अर्ध्यात थांबवला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "हे खरं आहे. चाकणहून येशील ना रविवारी?"

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.

"माझंही आहे," तो शेवटी म्हणाला. "आणि राग नाही माझा. पण मी तुला विचारलं होतं, आणि तू माझ्याकडे बघून नाही म्हणालीस. आता तू काहीही सांगितलंस, तरी मी आधी तपासून बघणार. प्रेम आहे म्हणालीस, तेही. रोज असं कसं जगायचं, सांग."

त्याने हे टाळायला म्हणून विचारलं नव्हतं, त्याला खरंच उत्तर हवं होतं.

गंधालीने चोकची दांडी परत आत ढकलली आणि गाडी सुरू न करताच ढकलत गल्लीबाहेर नेली.