वस्तीत माणसं एक्केचाळीस

लिहा म्हणे! शाळेत मी टिकलो दोन इयत्ता, लिहिताना मनगट दुखतं, आणि मास्तरला वस्तीचा इतिहास माझ्याच हातचा हवा. घ्या. यातला म्हातारा सुतार म्हणजे मीच, पण पानभर मी-मी करणाऱ्यांचा मला वीट आहे. तेव्हा सुतारच म्हणणार.

तर मास्तरने सुताराला बोलावलं ते शाळेच्या कपाटाचं दार बसवायला. आत जुन्या शिरगणतीच्या वह्या. सुतार बिजागरी बसवत होता आणि मास्तर एकेक वही उघडून धूळ नेमकी त्याच्याच नाकावर झटकत होता. मधेच मास्तर एका वहीवरून दुसरीवर बोट फिरवू लागला.

"आजोबा, नव्वद वर्षांपूर्वी वस्तीत माणसं एक्केचाळीस."

"बरं मग?"

"ऐंशी वर्षांपूर्वी एक्केचाळीस. पूर आला त्या वर्षी एक्केचाळीस. साथ आली तेव्हाही... आणि आज सकाळी मी घरोघरी जाऊन मोजली..."

"एक्केचाळीस. कळलं. स्क्रू दे इकडे."

पण मास्तरच्या पोटात काही राहत नाही. दिवे लागायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं की इथे एक जन्मला की त्याच दिवशी एक जातो. आणि वाण्याच्या सुनेला तर नववा लागलेला. सगळ्यांनी मनातल्या मनात एकमेकांची वयं लावून पाहिली. मग सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचे लाड सुरू झाले. जन्मात कधी 'बस' न म्हणालेला वाणी दुकानात त्याच्यासाठी गादी टाकायला लागला. सुईण सुनेला बघायला निघायची ती आधी सुताराची नाडी बघून जायची.

"काका, तब्येत कशी आहे?" वाण्याने मऊ आवाजात विचारलं.

"तू आशा लावून बसलायस त्यापेक्षा बरी."

"तसं नाही हो... पण मेलेल्याला पुरायची पेटी वस्तीत तुम्हीच करता. तुमची कोण करणार? ऐनवेळी धावपळ नको, म्हणून आपलं म्हटलं..."

"लाकूड ओलं आहे. सहा महिने वाळू दे. तोवर सुनेलाही थांबायला सांग."

बोलायला काय जातं! घरी आल्यावर त्याने कडी दोनदा तपासली. रंधा मारताना त्याला खोकला यायचा, रोजचाच; आता खोकला आला की खिडकीत शेजारी उभे. ऐंशी वर्षं झाली तरी त्याला आणखी जगायचं होतं, आणि हे कोणापाशी कबूल करायची त्याला लाज वाटत होती.

सुनेला कळा सुरू झाल्या त्या दिवशी भरदुपारी धुकं उतरलं. पायातली चप्पल दिसेना इतकं दाट, आणि त्याला विझलेल्या चुलीसारखा ओला, राखट वास. वाण्याच्या अंगणात सगळे जमले. दिवसाढवळ्या कंदील लावले. सुताराला मधोमध खुर्चीवर बसवलं, जणू तोच बाळंत होणार होता. कुत्रं भुंकेना, पान हलेना. आतून कण्हणं तेवढं ऐकू येत होतं... मग तेही थांबलं...

आणि पोर रडलं.

सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. सुतार शिंकला.

"आहे मी!" तो ओरडला. "डोळे फाडून काय बघताय? मास्तर, मोज."

मास्तरने कंदील उंच धरून एकेका तोंडाला बोट लावलं. "आतली सुईण, सून आणि बाळ धरून... एक्केचाळीस."

"आणि बाळाच्या आधी किती होतो?"

"एक्केचाळीस..."

"मग गेलं कोण?"

ज्याने त्याने आपापली माणसं चाचपली. नवरे होते, बायका होत्या, पोरं होती. एकही घर उणं नव्हतं. शेवटी मास्तर म्हणाला, "त्या सकाळी मीच मोजायला चुकलो असणार." त्यावर सगळे इतक्या मोठ्याने हसले की बाळ पुन्हा रडायला लागलं. मग सगळ्यांनी सुताराची माफी मागितली: वाण्याने हात जोडले, सुईणीने कान धरले, मास्तर तर रडलाच.

सुतार शीळ घालत घरी आला. दार नुसतं लोटलेलं होतं. टेबलावर चहाचे दोन कप, एकातून अजून वाफ निघत होती. भिंतीलगत दोन खाटा, दोन्हींवर त्याच्याच पटाशीच्या खुणा. एक त्याची. दुसरीवरचं पांघरूण हाताला गरम लागलं. उशीवर कागद पडला होता.

"बाबा, सकाळी तुम्हाला नको ते बोललो. तोंडावर सांगायला जमत नाही म्हणून लिहितो. माझं चुकलं, मला मा"

पुढे अक्षर नाही. शाईची एक रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

सुताराने लग्न केलं नाही. त्याला मूलबाळ नाही. त्याने घरोघर विचारलं, सगळे हेच सांगतात, आणि त्यालाही हेच आठवतं. कप त्याने अजून विसळलेला नाही.

वस्तीतल्या उरलेल्या चाळीसही जणांनी माफी मागितली, बाळाच्या वतीने त्याच्या आजोबाने. राहिलाय तो एकच.

माझा मुलगा.