यंत्राची हवा

डोंगराच्या पोटातल्या त्या वेधशाळेत दोन हवा होत्या. एक माणसांची, पंख्याने आत ढकललेली. दुसरी यंत्राची, बारीक पोलादी नळीतून दाबाने येणारी. दोन्हींची देखभाल करणारी माणसं वेगळी, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, असा तिथला शिरस्ता होता.

बोगदा कोसळला तेव्हा माणसांची हवा बंद पडली. आत संशोधक शलाका गावंडे एकटीच अडकली होती. फोनची जुनी तार तेवढी शाबूत होती.

"ढिगारा उपसायला सकाळ होईल," बाहेरून वेधशाळेचे प्रमुख, प्राध्यापक खैरमोडे म्हणाले. "आतली हवा तोवर पुरायची नाही. यंत्राची नळी सोडव आणि ती हवा घे."

शलाकाने यंत्राच्या कपाटाकडे पाहिलं. त्याच दुपारी, खडकातूनही आरपार येणाऱ्या कणांवरून, यंत्राने आपल्या आकाशगंगेतल्या एका ताऱ्याचा स्फोट टिपला होता. खैरमोडे सरांनी याच घटनेची उभं आयुष्य वाट पाहिली होती. नोंदी बाहेर नेणारी केबल तुटली होती, आणि यंत्राची स्मृती गार असेपर्यंतच त्या टिकणार होत्या.

"सर, भोवरा-नळीला पूर्ण दाब लागतो. तेव्हाच हवा आत गरगरते, ऊन हवा कडेने निघून जाते आणि गार हवा यंत्राच्या कपाटात शिरते. मी नळी सोडवली तर सगळं पुसलं जाईल."

"जाऊ दे. तारा गेलाच आहे, तू अजून आहेस."

तिने रडतरडत नळी सोडवली.

महिन्याभराने नवा आराखडा काढताना तिचा हात कपाटामागच्या नळीवर थबकला. यंत्राला गार करून झालेली हवा तिथून परत बाहेर जाई. यंत्र श्वास घेत नाही. ते हवेतला फक्त गारवा घेतं. प्राणवायू जसाच्या तसा पुढे जातो. तिने ही मागची नळी सोडवली असती, तर तिला हवाही मिळाली असती आणि नोंदीही टिकल्या असत्या.

"पुन्हा वेळ आली तरी मी तेच सांगेन," शेजारी बसलेले सर अभिमानाने म्हणाले.

गप्प बसणं सोपं होतं. तरी तिने त्यांना सगळं सांगितलं.

सरांनी आराखड्यातल्या त्या नळीवरून बोट फिरवलं.

"यंत्राची उष्टी हवा," ते अखेर म्हणाले. "तुला चालली असती."

"चालली असती, सर."

"मग नव्या आराखड्यात ती नळी खोलीतच उघडी सोड. पुढचा तारा फुटेल तेव्हा सांगायला मी नसेन."