चौथ्या सेन्सरची ओळ

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात ती प्रोग्रामर होती. पेटीतल्या सेन्सरांकडून तापमान घेणारा ड्रायव्हर प्रोग्राम पूर्वी नुसता गुंता होता. पेटीतला सर्किटचा बोर्ड जुना असेल तर असं, नवा असेल तर तसं, अशा शेकडो अटी. सहा महिने खपून तिने त्या सगळ्या कोडमधून उपटल्या आणि प्रत्येक बोर्डाच्या वर्णनाची वेगळी फाईल केली. सेन्सर किती, कोणत्या पत्त्यावर, एवढंच त्यात. ड्रायव्हर सगळ्यांना एकच. त्याने फाईल वाचायची, पत्त्यावर हाक मारायची, ओ आली की आकडा घ्यायचा.

सोमवारी सकाळी चाचणीच्या टेबलावर नव्या बोर्डाने चार आकडे दाखवले. बोर्डावर सेन्सर होते तीन.

चौथा आकडा ३६.८ अंश, माणसाच्या अंगाच्या उबेएवढा.

तिने फाईल उघडली. तिसऱ्या सेन्सरखाली चौथ्याची ओळ होती, अगदी तिच्याच पद्धतीने लिहिलेली. बदलाच्या नोंदीत नावही तिचंच. तारीख मात्र वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती रजेवर होती त्या दिवसाची.

तिची नजर समोर गेली. तिथे सगळे ज्यांना मास्तर म्हणत ते जुने प्रोग्रामर बसत. जुना कोड त्यांचा. तो तिने मोडीत काढल्यापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलत. समोर बसणाऱ्याला पासवर्ड कळायला कितीसा वेळ लागतो?

तिने ओळ काढली, पासवर्ड बदलला. मंगळवारी ओळ परत हजर. बुधवारीही.

पण तिला जास्त खटकत होतं ते वेगळंच. वर्णनात खोटा पत्ता लिहिला, तर ड्रायव्हरच्या हाकेला उत्तर येणार नाही, चूक दाखवून तो गप्प बसेल. इथे कुणीतरी ओ देत होतं.

तिने भिंगाखाली बोर्ड इंचाइंचाने तपासला. जास्तीची एक तारसुद्धा नव्हती. मग तो थंड कपाटात ठेवला. तीन आकडे उतरत उतरत पाचावर आले.

चौथा ३६.८ वरून हलला नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर ती खुर्ची ओढून मास्तरांसमोर बसली.

"मास्तर, माझ्या नावाने फाईलमध्ये कोण लिहितंय?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "कुठला पत्ता?"

तिने सांगितला. त्यांनी डबा बाजूला सारला.

"आठ वर्षांपूर्वी तो माझ्या कोडमध्ये यायचा. माझ्याच नावाने. मी काढायचो, तो यायचा. शेवटी एक अट घातली, त्या पत्त्यावर हाक मारायचीच नाही. तू सगळं उपटलंस, त्यात तीही गेली."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मला वाटलं, जुन्या कोडमध्ये तुला ती अट सापडली असेल आणि तू मनातल्या मनात हसत असशील."

"पण तिथे आहे काय?"

"मी विचारलं नाही," मास्तर म्हणाले. "तूही नको विचारूस."

दुसऱ्या दिवशी त्याच नव्या बोर्डाच्या वीस पेट्या इस्पितळात जायच्या होत्या. तिने ड्रायव्हर उघडला आणि ती एक अट परत लिहिली. तिच्या स्वच्छ कोडमध्ये ती गालबोटासारखी दिसत होती.

नवा कोड बोर्डात पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं, तेव्हा चौथा आकडा बदलला.

३६.१.

बोर्ड थंड कपाटातून काढून परत टेबलावर ठेवलेला होता. खोली उबदार होती.

३५.३.

३४.

तिने बटण दाबलं.

पडद्यावर तीन आकडे राहिले.

दोन आठवड्यांनी इस्पितळातल्या नर्सबाईंचा फोन आला. पेट्या उत्तम चालल्या होत्या. एकच शंका होती.

"रिकाम्या पेटीच्या काचेला आतून वाफ धरते हो. डोक्याच्या बाजूला, कुणी श्वास सोडावा तशी, बटणाएवढी. पुसली की परत तिथेच."

"किती पेट्यांना?"

"एका वेळी एकीलाच. रोज पुढच्या पेटीला. आज सातवीला आहे."

"सातवी रिकामी आहे ना?"

"नाही, तिच्यात काल रात्रीपासून बाळ आहे. बाळ छान आहे तसं." नर्सबाई म्हणाल्या, "पण आज काचेवर ठिपके दोन आहेत."