सोनपेठची निळी गाडी

शंतनूला मी पहिल्यांदा पाहिलं ते परभणीतल्या एका दवाखान्याच्या आवारात. डिसेंबरातली दुपार होती. आत्याला भेटून मी बाहेर पडले, तर एका निळ्या इलेक्ट्रिक गाडीपाशी तो पुन्हा पुन्हा बटण दाबत होता. मागच्या सीटवर त्याची आई शाल पांघरून, डोळे मिटून, मधूनच खोकत टेकली होती. हातावरच्या पट्टीवरून कळलं… नुकतंच डायलिसिस झालेलं.

"सरका जरा," मी म्हणाले.

"अहो मॅडम, बॅटरी सत्तर टक्के आहे! सकाळीच पाहिली."

"मोठी भरलेलीच हाय. पण गाडीला जागं करणारी एक छोटी बॅटरी असती, बारा व्होल्टची. ती बसलीय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझं कामच ते हाय."

शेजारच्या जीपवाल्याकडून केबल घेतली, जोडली. गाडीची स्क्रीन उजळली. मी हात झटकले, तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता.

"उद्या वसमत रोडला या, रंगनाथकाकांच्या गॅरेजात. बॅटरी बदलावी लागंल."

"आणि नाही आलो तर?"

"तर परवा परत इथंच उभं ऱ्हायचं!"

तो हसला. फार दिवसांनी हसल्यासारखा…

मी झरीची. आयटीआय करून दोन वर्षं पुण्यात इलेक्ट्रिक गाड्यांवर काम केलं आणि परत आले. तो सोनपेठला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचा. दुसऱ्या दिवशी खरंच आला. बॅटरी बदलल्यावर मी म्हणाले, सर्व्हिसही करून घेऊ.

"इंजिन नाही, ऑइल नाही… मग सर्व्हिस कसली?"

"इंजिन तर माणसालाबी न्हाई. तरी दवाखाना लागतोयच की."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण तो शांतपणे म्हणाला, "लागतो. आठवड्यातून दोनदा."

मग मी एसीचा फिल्टर काढून त्याच्या हातात दिला. कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा, धूळ. "आईंना खोकला हाय ना? ही हवा जायची त्यांच्या छातीत." तो कितीतरी वेळ त्या काळ्या जाळीकडे बघत राहिला.

त्यानंतर तो अधूनमधून येऊ लागला. कधी टायरची हवा, कधी ब्रेक ऑइल… कधी नुसतंच, "आवाज येतोय असं वाटलं."

"कुठून?"

"आता नाही येत."

मी खाली बघून हसायची.

फेब्रुवारीत मात्र खराच आवाज आला. पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट, म्हणजे चाक धरून ठेवणारा सांधा, सुटायला आला होता. सोनपेठच्या रस्त्यानं त्याचं काम केलं होतं. पार्ट पुण्याहून यायला नऊ दिवस लागणार होते आणि तोवर गाडी रस्त्यावर काढणं धोक्याचं होतं. त्यात बारावीची परीक्षा, त्याला रजा मिळेना. त्याच्या आईला, विमलताईंना, एसटी झेपत नव्हती.

"मी आणते आईंना," मी म्हणाले.

रंगनाथकाकांनी स्वतःच्या गाडीची चावी काढून दिली. नऊ दिवसांत तीन वेळा मी विमलताईंना सोनपेठहून परभणीला नेलं, आणलं. त्या जुन्या शिक्षिका. वाटेत म्हणायच्या, "तुझा हात हलका आहे गं. शंतनूच्या हातात मला एकेक खड्डा कळतो." परतताना त्यांना ग्लानी यायची. मी वेग आणखी कमी करायची.

मार्चमध्ये विमलताई गेल्या.

मी सोनपेठला भेटायला गेले. तो ओसरीवर माणसांत बसला होता. एकदाच वर बघितलं… मी मागे फिरले. त्यानंतर निळी गाडी आली नाही. सर्व्हिसची तारीख आली आणि गेली. फोन करणं माझ्याच कामात मोडत होतं, पण नंबर काढायची आणि फोन ठेवून द्यायची.

जूनमध्ये एका उकाड्याच्या सकाळी तो आला. तीन महिन्यांत गाडी जेमतेम दोनशे किलोमीटर फिरली होती. मी बॅटरी थंड ठेवणारं कूलंट तपासलं, टायर पुढचे मागे केले. तो बाकड्यावर बसून होता.

"लय दिवस आला न्हाईत," मी चाकाकडे बघतच म्हणाले.

"थांबलो होतो. जायच्या आधी आई म्हणाली होती, 'ती माझ्यासाठी धावली. त्या उपकारापायी तिला मागणी घालू नकोस. नीट बघ, नुसते उपकारच आहेत की आणखी काही.'"

माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

"मग… बघितलं?"

"तीन महिने बघितलं, निकिता. आई नाही, दवाखाना नाही… तरी रोज वसमत रोड आठवतो. हे उपकार नव्हेत."

डोळे भरून आले. पुसावेत तर हात ग्रीसचे.

"बाबा कडक हायत माझे," मी कसंबसं म्हणाले. "जात काढतील. आमी शेतकरी, तुमी…"

"काढू देत. समोर बसून ऐकेन. एकदाच नाही, लागेल तितक्या वेळा."

मी त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, दाढी वाढली होती. पण नजर हलली नाही. मी फडक्याला हात पुसले आणि त्याच्यासमोरच झरीला फोन लावला.

"बाबा, उद्या रानात जाऊ नका, घरीच थांबा. एक सर येणार हायत… न्हाई बाबा, गाडीचं न्हाई. माझं काम हाय."