डब्यातला हात

नेहमीप्रमाणे नवऱ्याचा डबा घेऊन ती छापखान्यात गेली. बाइंडिंगच्या खोलीत खळीचा ओला वास भरून राहिला होता, पण कागद कापायचं यंत्र बंद होतं. भर दुपारी ते कधीच बंद नसायचं. नवरा भिंतीला टेकून बसला होता, दोन माणसं त्याचा दंड आवळून धरत होती. त्याचा डावा हात मनगटापासून तुटून तिकडे कोऱ्या कागदांवर पडला होता.

अॅम्ब्युलन्समध्ये तो हात तिच्या मांडीवर आला. ओल्या कापडात गुंडाळलेला, पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवलेला. नवऱ्याची शुद्ध हरपली होती. त्याच्याभोवती माणसं होती, हाताजवळ मात्र तिच्याशिवाय कुणीच नव्हतं. तिला काय वाटलं कोण जाणे, झाकणाला ओठ लावून ती पुटपुटली, "कुणीही असा... याला धरा. सोडू नका."

डॉक्टरबाईंनी तासन्‌तास खपून एकेक रक्तवाहिनी, एकेक नस जोडली. हात जगला. नखांवर गुलाबी रंग चढला.

"जन्मभर पुस्तकं शिवली," नवरा म्हणाला, "आता मलाच शिवून काढलं!"

ती कितीतरी दिवसांनी हसली.

"स्पर्श कळायला मात्र महिने लागतील हं," म्हणत डॉक्टरबाईंनी त्याच्या बोटांना टाचणी टेकवली. त्याला काही कळलं नाही.

"मग हात कुणी धरलाय?" त्यानं विचारलं.

कुणीच धरला नव्हता. "होतात असे भास," म्हणून डॉक्टरबाई पुढच्या खोलीत गेल्या.

ती खुर्ची ओढून जवळ बसली. हाताला थंडी बाधू नये म्हणून खोली मुद्दाम उबदार ठेवली होती. हीटरची घरघर तेवढी चालू होती. तिच्या डोळ्यांदेखत ती बधिर बोटं एकेक करून विलग झाली, जणू त्यांच्यामधून दुसरीच बोटं सरकत होती.

"कधीपासून होतंय हे?" तिनं विचारलं.

"डब्यात असल्यापासून."

"अहो, तुम्ही तर बेशुद्ध होतात..."

"मी होतो. हात नव्हता."

डब्याशी ती काय बोलली, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. हातावर वाकून ती अगदी हळू म्हणाली, "फार उपकार झाले. आता सोडा... आमचं आम्ही सांभाळू."

नवरा डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या कपाळावर घाम डवरला.

"सोडायला तयार आहे ते," तो म्हणाला. "पण विचारतंय... हा सोडला, तर धरू काय?"

तिनं झटकन आपले दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

त्या उबेत कुणाची तरी गार बोटं आधीच येऊन बसली होती.